संशोधन-विदा (प्रबंधासोबतची)

पीएच.डी.चा प्रबंध किंवा पदव्युत्तर लघुप्रबंध ज्या मोजमापांवर, मुलाखतींवर आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यांवर उभा असतो, ते सारे परक्या माणसाला वापरता येईल असे लावून प्रबंधाबरोबर खुले करणे. या मोजमापांना व नोंदींना परिभाषेत ‘विदा’ म्हणतात. विभागात सगळे ‘डेटा’च म्हणतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात जमू लागल्या. तिथे प्रकरणागणिक पीडीएफ मिळते. परिशिष्टातला तक्ता वाचता येतो, पण त्यावर पुन्हा आकडेमोड करायची तर तो आधी उतरवून घ्यावा लागतो. मूळ फाइल मात्र बहुधा कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर पडून असते.

फाइल चढवणे दहा मिनिटांचे काम. वेळ जातो तो रकान्यांचा अर्थ लिहिण्यात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांचे सर्वेक्षण घ्या. ‘क्षेत्र’ या रकान्यात १.२० लिहिले आहे. शेतकऱ्याने तोंडी सांगितले असेल तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. सातबाऱ्यावरून उतरवले असेल तर एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. संगणकाला यातले काहीच ठाऊक नसते. तो सरळ एक पूर्णांक दोन दशांश वाचतो. लासलगावच्या कांदाभावाचेही तसेच. बाजार बंद असलेल्या दिवशी कुणी शून्य भरले, कुणी चौकट रिकामी सोडली, तर सरासरी भाव वेगवेगळे निघतात. म्हणून प्रत्येक रकान्याचे एकक, संक्षेपांचा खुलासा आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ सांगणारी ‘रीडमी’ फाइल सोबत देतात. ती प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात नव्हे, नोंदी घेतानाच लिहावी. दोन वर्षांनी ‘प्र७_ब’ म्हणजे काय हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

मराठीत आणखी एक अडचण फाँटची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली मुलाखत तो फाँट नसलेल्या संगणकावर निव्वळ खुणांचा चिवडा दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलावा आणि बदलल्यावर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत; रफार हमखास हलतो. तक्ते सीएसव्ही रूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीने ठेवतात.

माणसांची माहिती असेल तर नाव व मोबाइल क्रमांक काढणे पुरत नाही. गाव, द्राक्षाचे वाण आणि बागेचे क्षेत्र एवढ्यावरून छोट्या गावात कुणीही सांगेल, ही कुणाची बाग. अशा वेळी गावाऐवजी तालुका देतात, क्षेत्राचे गट पाडतात, जीपीएसचे अंश दोन दशांश स्थळांपर्यंत आणतात. मग जागा किलोमीटरभर सैल होते. रुग्णांच्या नोंदींना हे अधिकच लागू. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे, त्यामुळे वैद्यकीय प्रबंधांचा विषय इथे घरचाच. विदा पुढे इतरांना देण्याची परवानगी संमतिपत्रातच घेतलेली असावी. रुग्ण घरी गेल्यावर ती मागत फिरणे जवळपास अशक्य. नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच हे वाक्य घातले की पुढचे निस्तरावे लागत नाही.

तयार संच युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘झेनोडो’सारख्या भांडारात विनाशुल्क ठेवता येतो. तिथे संचाला कायमचा ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, मिळतो. वापराच्या अटी क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) सारख्या परवान्याने ठरतात: सीसी बाय घेतला तर श्रेय देणे बंधनकारक, सीसी झीरो घेतला तर तीही अट नाही. मार्गदर्शकांना शोधलेख आधी छापून हवा असेल तर ठरावीक काळ फाइली बंद ठेवण्याची सोय असते. चूक सापडल्यास दुरुस्त आवृत्ती चढवतात आणि तिला वेगळा डीओआय मिळतो. प्रबंधात मात्र ज्या आवृत्तीवरून तक्ते काढले, तिचाच डीओआय द्यावा.