कापडाचे घरगुती जलरोधन

विणलेल्या कापडातून पावसाचे पाणी झिरपू नये म्हणून त्यावर घरच्या घरी मेण, तेल, तुरटी-साबण किंवा सिलिकोन यांची प्रक्रिया करणे. तंबू, पिशव्या आणि पावसाळी कपड्यांसाठीही ती करतात. या नोंदीत मुख्यतः मुक्कामाच्या जागी डोक्यावर ताणायच्या ताडपत्रीचा विचार केला आहे. ताडपत्री अंगाला लागत नाही आणि तिच्या बाजू उघड्या असतात. घामाची वाफ कोंडण्याचा प्रश्न येत नसल्यामुळे रेनकोटासाठी नकोशा वाटणाऱ्या जड पद्धतीही तिला चालतात. बाजारातली निळी प्लॅस्टिकची ताडपत्री मुळातच जलरोधक असते. तिला यातले काहीच लागत नाही.

सुती धागा पाणी पितो आणि केशाकर्षणाने ते पुढे ओढतो. धाग्यावर मेणट थर बसला की थेंब पसरत नाही, गोलसर राहतो आणि पृष्ठताणामुळे विणीतल्या छिद्रात सहजी शिरत नाही. मात्र वरून पाण्याचा दाब वाढला की तो शिरतोच. तंबूंवर छापलेले १,५०० किंवा ३,००० मिमी हे आकडे म्हणजे कापड किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते त्याचे माप. घरी केलेले सुती कापड या मोजणीत फार मागे राहते, तरी ताडपत्री नीट उतार देऊन ताणली तर पाणी साचत नाही आणि काम भागते. अर्धी लढाई दोऱ्या बांधण्यातच जिंकली जाते. वीण विरळ असेल तर कोणताही लेप उपयोगाचा नाही. म्हणून मांजरपाटापेक्षा घट्ट विणीचे ड्रिल किंवा कॅनव्हास घ्यावे. नवे कापड गरम पाण्यात दोनदा धुऊन त्याची खळ काढणे आवश्यक असते. खळ राहिली तर लेप धाग्यापर्यंत पोचत नाही. शिवाय सुती कापड आटते, ते शिवण्याआधी आटलेले बरे.

सर्वांत स्वस्त पद्धत तुरटी-साबणाची. कापड आधी साबणाच्या गरम द्रावणात भिजवून पिळतात, मग तुरटीच्या द्रावणात बुडवतात. साबणातली मेदाम्ले आणि तुरटीतले ॲल्युमिनियम यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा ॲल्युमिनियमचा साबण तंतूंवर बसतो. बोअरच्या जड पाण्यात साबण फेस न देता फुटतो आणि पांढरा साका धरतो, तीच ही क्रिया. तिथे ॲल्युमिनियमऐवजी कॅल्शियम असते एवढेच. त्यामुळे इथे जुन्या पद्धतीचा कपड्यांचा साबणच लागतो, डिटर्जंट पावडर चालत नाही, आणि पाणी शक्यतो मऊ हवे. कापड हलके राहते, हवाही जाऊ देते. पण थर धुण्याने आणि घासण्याने जातो, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा करावे लागते. असे कापड ओले असताना आतून बोट लागले तर तिथून थेंब गळू लागतो. त्यावर जुना उपाय असा, की तेच बोट न उचलता उतारावर कडेपर्यंत ओढत न्यायचे. मग पाणी त्या ओल्या रेषेने कडेला जाते.

मेणाची पद्धत मराठी वाचकाला ‘मेणकापड’ या नावाने ओळखीची आहे. पॅराफिन मेण साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते, मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. नुसते पॅराफिन थंडीत घडीवर तडकते, म्हणून त्यात मधमाश्यांचे मेण मिसळतात. मेण नेहमी उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर कधीही नाही. ब्रशने पातळ लावून वरून जुनी इस्त्री फिरवली की ते धाग्यात जिरते. जिथे जिरले तिथे कापडाचा रंग गडद होतो, त्यामुळे सुटलेली जागा लगेच दिसते. हे कापड चांगले टिकते आणि दुरुस्तीही सोपी. पण वजन वाढते, धूळ चिकटते आणि उन्हात ठेवलेल्या पिशवीत घड्या एकमेकींना धरतात.

मेणाचा खरा दोष आगीचा. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे सर्कसच्या मोठ्या तंबूला आग लागून १६० हून अधिक माणसे मेली. त्या तंबूचे कापड पेट्रोलमध्ये विरघळवलेल्या पॅराफिनने जलरोधक केलेले होते. मेणाच्या ताडपत्रीखाली चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये, हे त्यामुळे वेगळे सांगायला नको. तरी पावसात चहाची तल्लफ आली की नेमके तेच केले जाते.

जवसाचे तेल ही खलाशांची पद्धत. शिडाच्या कापडाला ते चोपडून पावसाळी अंगरखे करत. रंगाच्या दुकानात ते ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळते. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. या क्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. कापड वाळायला अनेक दिवस लागतात, दमट हवेत त्याहून जास्त, आणि अर्धवट वाळलेले कापड घडी करून ठेवणेही धोक्याचे. एवढा खटाटोप आज फारसा परवडत नाही.

सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाला आणि लेप नसलेल्या नायलॉनला सध्या सिलिकोनची पद्धत सोयीची पडते. खिडक्यांच्या फटी भरायला वापरतात त्या शुद्ध सिलिकोनची ३०० मिलीची एक नळी सुमारे पावणेचार लिटर मिनरल टर्पेंटाईनमध्ये घोटून विरघळवतात, त्यात कापड बुडवून पिळतात आणि सावलीत पसरून वाळवतात. ॲक्रिलिक किंवा पाण्यात मिसळणारे सीलंट यासाठी चालत नाही. टर्पेंटाईन उडून जाते, मग सिलिकोन हवेतल्या बाष्पाने पक्के होते; व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो तो त्यातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाचा. हे काम उघड्यावर, हातमोजे घालून आणि विस्तवापासून लांब करायचे. एक गोष्ट आधीच ठरवावी लागते: सिलिकोन बसल्यावर त्यावर सिलिकोनशिवाय दुसरे काहीच नीट चिकटत नाही. नंतर रंग, चिकटपट्टी किंवा साधा डिंक यांची आशा सोडावी.

कापड उत्तम झाले तरी ताडपत्री गळते ती शिवणीतून. सुईचे प्रत्येक भोक ही एक वाट असते. जीन्सच्या पायाला असते तशी, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घातलेली शिवण चांगली. तिची मोकळी कड उताराच्या दिशेने असावी. सुती दोरा भिजला की फुगतो आणि भोक बुजवतो. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत, पण फुगत नाही, म्हणून त्याच्या शिवणीवर लेप फिरवावा लागतो. सुती कापडाला मेण आणि सिलिकोनच्या कापडाला दाट सिलिकोनच. दोरी ओवण्यासाठी कापडात धातूच्या रिंगा मारल्या तर त्यांच्याभोवती कापड दुहेरी हवे. रिंग नसेल तिथे कापडात गुळगुळीत खडा धरून त्याच्या मानेला दोरी आवळतात, म्हणजे भोकच पडत नाही.

फुगणाऱ्या सुताचा हाच गुण मोठ्या प्रमाणावर वापरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूट या कापूस संशोधन संस्थेने ब्रिटिश वैमानिकांसाठी ‘व्हेंटाइल’ हे अतिशय घट्ट विणीचे सुती कापड तयार केले. त्याउलट स्कॉटिश रसायनज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ मध्ये पेटंट घेतलेल्या कापडात नॅफ्थात (कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पातळ तेलात) विरघळवलेल्या रबराचा थर दोन कापडांमध्ये दाबलेला होता. ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठ होई. कोकणात भातलावणीला मात्र कापडाच्या वाटेलाच जात नसत. बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवलेले इरले डोक्या-पाठीवर घेऊन वाकून काम चाले.

घरी केलेली ताडपत्री सह्याद्रीतल्या मुक्कामाला नेण्याआधी गच्चीवर उतार देऊन ताणावी आणि झारीने अर्धा तास पाणी सोडावे. खालच्या बाजूला कोरडा कागद ठेवला की गळती नेमकी कुठे आहे ते कळते. ओली ताडपत्री घडी करून ठेवू नये. सुती कापडावर काही दिवसांतच बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते धुऊन जात नाहीत.