गाठीतली आग, दप्तरातली नोंद

खान्देशात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम सुरू झाला की वर्तमानपत्रांतून एक ठरावीक वाक्य वारंवार वाचायला मिळते: "शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे." प्राथमिक अंदाजानंतर अंतिम निष्कर्ष यायला हवा, परंतु तो छापून आल्याचे क्वचितच आढळते. पंचनामा होतो, विमा कंपनीचा सर्वेक्षक येऊन जातो आणि नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाच्या वहीत वेळ, ठिकाण आणि किती बंब लागले एवढे लिहिले जाते. बोदवडच्या जिनिंगमधील आग नेमकी कशाने लागली, हे दोंडाईचाच्या जिनिंगमालकाला किंवा तेथील अग्निशमन अधिकाऱ्याला कळण्याचा ठरलेला मार्ग नाही. आग प्रतिबंधाची माहिती एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे पोहोचावी यासाठी सरकारने वेगळा निधी का द्यावा, या प्रश्नाचे उत्तर या तुटलेल्या दुव्यात आहे. मात्र ते समजून घेण्यासाठी आधी कापसाच्या आगीचा स्वभाव पाहावा लागेल.

कापूस दोन तऱ्हांनी जळतो. मोकळ्या गंजीवर ठिणगी पडली तर वरच्या तंतूंवरून ज्वाला काही क्षणांत सरकत जाते, कारण प्रत्येक तंतू अतिशय बारीक आणि चहूबाजूंनी हवेने वेढलेला असतो. ही आग डोळ्यांना दिसते आणि म्हणूनच तुलनेने लवकर विझवली जाते. खरी फसवी आग आतली असते. तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि धुमसण्यापुरता ऑक्सिजनही पुरवत राहते. ज्वाला टिकण्यासाठी हवेत साधारण 15 टक्के ऑक्सिजन लागतो, तर धुमसणे त्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही चालू राहते. चुलीत राखेखाली झाकलेला निखारा पहाटेपर्यंत जिवंत राहतो, तसाच हा प्रकार आहे; फरक इतकाच की येथे राखेच्या जागी सुमारे 170 किलोची घट्ट दाबलेली गाठ असते. धुमसण्याची गती तासाला काही सेंटिमीटर एवढीच असल्यामुळे, प्रेसिंगच्या, म्हणजे गाठ दाबून बांधण्याच्या, वेळी आत गेलेली एखादी ठिणगी काही दिवसांनी, गाठ गोदामात किंवा ट्रकवर असताना, बाहेर प्रकट होऊ शकते. तोपर्यंत तिचे उगमस्थान कधीच मागे पडलेले असते, आणि दोष मात्र गोदामातील वायरिंगच्या माथी येतो.

ठिणगी येते कोठून? वेचणीच्या वेळी कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा कापूस झोडून मोकळा करणाऱ्या फिरत्या बीटरवर आदळतो. तेलपाणी न झालेले बेअरिंग तापते. शाफ्टभोवती गुंडाळलेला कापूस घासून घासून करपतो. ओल्या कापसाची गोष्ट वेगळी. त्यातील सरकी सजीव असल्याने तिचे श्वसन चालू असते, सूक्ष्मजीवही वाढतात आणि मोठ्या ढिगाचा गाभा तापू लागतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर 8 ते 12 टक्के ओलाव्याची जी मर्यादा पाळली जाते तिच्याकडे शेतकरी भावाच्या दृष्टीने पाहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु साठवणुकीच्या सुरक्षिततेशीही तिचा थेट संबंध आहे. तेल लागलेल्या चिंध्या आणि कापूस यांचा धोका याहून निराळा असतो. सरकीच्या तेलातील असंतृप्त मेदाम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निर्माण होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर बाहेरून ठिणगी न पडताही पेट घेतला जाऊ शकतो.

विझवण्याची अडचणही कापसाच्या रचनेतूनच येते. कच्च्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी वरून ओघळून जाते आणि गाठीच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. पाण्यात पृष्ठताण कमी करणारे द्रव्य मिसळले तर ते तंतूंमध्ये शिरते. हे माहीत असलेला अधिकारी थोड्या पाण्यात जे साधतो, ते माहीत नसलेल्याला अनेक टाक्या रिकाम्या करूनही साधत नाही.

या अज्ञानाची किंमत किती मोठी असू शकते, हे मुंबईने पाहिले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजातून धूर येऊ लागला, तो कापसाच्या गाठींमधून. त्याच जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती. सुमारे दोन तास पाण्याचा मारा होऊनही धुमसणाऱ्या गाठी विझल्या नाहीत, आणि चारच्या सुमारास झालेल्या स्फोटाने गोदी उद्ध्वस्त झाली. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाच्या 66 जवानांनी प्राण गमावले. देशभर 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मृतीचा आहे. कापूसपट्ट्यातील शाळांमधून सप्ताहाच्या निमित्ताने प्रात्यक्षिके होतात, पण ती आग कापसात लागली होती हे फारसे सांगितले जात नाही, याचे आश्चर्य वाटते.

आता शॉर्टसर्किटच्या अंदाजाकडे परत येऊ. जळालेल्या जागेत तांब्याच्या तारेवर वितळलेला मणी सापडला की कारण सापडले असे मानण्याची सवय आहे. तांबे 1,085 अंश सेल्सिअसला वितळते. विद्युत ठिणगीचे तापमान याच्या कित्येक पट असते, त्यामुळे मणी आणि न वितळलेली तार यांच्यातील सीमा ठळक राहते. सामान्य आगीत तार वितळली तर ती सीमा पसरट होते. एवढा भेद प्रशिक्षित डोळ्याला कळतो. तरीही एक पेच उरतोच. आग आधी दुसऱ्याच कारणाने लागली, तिने तारेवरील आवरण जाळले आणि मग तारा एकमेकींना टेकल्या, तरी असाच मणी तयार होतो. म्हणजे मणी हे आगीचे कारण असू शकते, तसाच तो तिचा परिणामही असू शकतो. एका जागेवरील एका मण्यावरून याचा निवाडा करणे धोक्याचे आहे. आग प्रथम यंत्राच्या कोणत्या भागात दिसली, कापसाचा ओलावा किती होता, गाठ बांधून किती दिवस झाले होते, अशा बाबी अनेक घटनांमधून एकत्र आल्या तरच खरे कारण वर येते. देशपातळीवर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालात आगीतील मृत्यूंची मोजदाद होते. ज्या आगीत कोणी दगावले नाही, ती त्या मोजदादीत येत नाही. खान्देशातील जिनिंगच्या बहुतेक आगी अशाच असतात.

अमेरिकेत हा प्रश्न अर्धशतकापूर्वी हाती घेतला गेला. आगीच्या प्रश्नावरील राष्ट्रीय आयोगाच्या 1973 च्या अहवालानंतर 1974 मध्ये संघीय कायदा झाला आणि त्यातून आगीच्या घटनांची एकसारख्या नमुन्यातील राष्ट्रीय नोंदप्रणाली उभी राहिली. तेथे राज्यांचे फायर मार्शल प्रामुख्याने प्रतिबंध, तपासणी आणि कारणमीमांसा पाहतात. अग्निशमन दलांना अनुदान देण्याची जी योजना 2001 पासून तेथे चालू आहे, तिच्या कायद्यात किमान 10 टक्के रक्कम आग प्रतिबंध आणि सुरक्षेसाठी राखून ठेवलेली आहे. प्रशिक्षण, जनजागृती आणि संशोधन यांना त्यातून पैसा मिळतो, आणि तो केवळ अग्निशमन दलांनाच नव्हे तर या क्षेत्रातील ना-नफा संस्थांनाही दिला जातो. नोंदींचा उपयोग काय, याचे एक उदाहरण सिगारेट लायटरचे आहे. लहान मुले लायटरशी खेळताना घरे पेटतात, हे एकेका शहराला दिसले नसते. देशभरच्या नोंदींतून ते दिसले, 1994 मध्ये मुलांना सहज पेटवता येणार नाहीत अशा लायटरचे मानक सक्तीचे झाले आणि अशा आगी लक्षणीयरीत्या घटल्या.

आपल्याकडे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांकडे सोपवली आहे. जळगाव व धुळे महानगरपालिकांची दले वेगळी. भुसावळ, अमळनेर, चोपडा, शिरपूर आणि नंदुरबारची वेगळी. प्रत्येक पालिका स्वतःच्या हद्दीतील आग विझवण्यासाठी खर्च करील. चोपड्याने केलेल्या तपासाचा लाभ शहाद्याला व्हावा म्हणून चोपड्याचे करदाते पैसे का देतील? माहितीचा लाभ सर्वत्र पसरतो आणि खर्च मात्र एकाच्या माथी येतो, अशा ठिकाणी वरच्या स्तरावरून अनुदान येणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. केंद्राने 2023 मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यासाठी 5,000 कोटी रुपयांची योजना सुरू केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवर आधारलेल्या या योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांनी 25 टक्के वाटा उचलायचा आहे. नवी केंद्रे, साधनसामग्री आणि प्रशिक्षण यांच्या जोडीला तंत्रज्ञानाचे अद्ययावतीकरण व ऑनलाइन यंत्रणा हाही तिचा एक घटक आहे. नवा बंब दारात उभा राहिला की त्याचे छायाचित्र काढता येते, कारणांच्या नोंदवहीचे काढता येत नाही, म्हणून हा घटक मागे पडण्याची भीती खरी आहे.

यंत्रणेचा पाया मात्र तयार आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आस्थापनांनी आपल्या अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. यंत्रणा चालू आहे एवढेच ते सांगते. गेल्या हंगामात बीटरजवळ किती वेळा धूर दिसला आणि कामगारांनी बादलीभर पाण्याने तो विझवला, हे त्यात नसते. थोडक्यात टळलेल्या आगींची ही माहिती सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत दडवली जाणारी असते, कारण मालकाला नोटीस आणि विम्याचा वाढीव हप्ता यांची धास्ती असते. त्यामुळे अशी नोंद नाव उघड न करता घेतली जावी आणि तिच्या आधारे दंड होऊ नये, ही अट अनुदानाच्या नियमांतच लिहिलेली असावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या अग्निशमन अधिकाऱ्यांची या नोंदींवरची बैठक सप्टेंबरमध्ये घेणे सोयीचे ठरेल. जुलैची प्रमाणपत्रे तोपर्यंत हाती आलेली असतात, आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा होण्यापूर्वी बेअरिंग, बीटर आणि लोखंडाचे तुकडे अडवणारे चुंबकीय सापळे तपासून घ्यायला जिनिंगवाल्यांकडे काही आठवडे शिल्लक असतात.