‘आयडी ब्लॉक’मागचा माणूस

पुण्या-मुंबईत डिलिव्हरी करणारी मुलं ‘नोकरी गेली’ म्हणत नाहीत, ‘आयडी ब्लॉक झाली’ म्हणतात. सकाळी ॲप उघडावं तर लॉगिनच होत नाही, चॅटवर तेच ठरावीक उत्तर येतं आणि ब्लॉक कोणी केलं हे विचारायला समोर कुणी नसतं. असा निर्णय एकट्या यंत्रावर सोडावा का, हा वाद मात्र स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचा.

२१ मार्च १९७४ रोजी फ्रान्सच्या ‘ल मोंद’ या दैनिकाने बातमी दिली की, सरकार प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक देऊन निरनिराळ्या खात्यांची दप्तरं संगणकावर जोडू पाहतंय. प्रकल्पाचं नावच ‘सफारी’. मथळ्याने विचारलं, सफारी की फ्रेंच माणसांची शिकार? गदारोळ झाला, बेत बारगळला आणि ६ जानेवारी १९७८ला कायदा आला. माणसाच्या वागणुकीचा निवाडा केवळ संगणकाने काढलेल्या त्याच्या ‘प्रोफाइल’वर करता येणार नाही, असं त्यात होतं. कोर्टांना, सरकारी कचेऱ्यांना आणि खासगी संस्थांनाही. हेच तत्त्व १९९५च्या युरोपीय निर्देशात (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युरोपीय संघाचा आदेश) आणि मे २०१८पासून लागू झालेल्या ‘जीडीपीआर’ या युरोपच्या खासगी माहिती जपणाऱ्या कायद्याच्या कलम २२मध्ये उतरलं.

त्याचा कस लागला ॲमस्टरडॅमला. उबरची मुख्य युरोपीय कंपनी तिथली, म्हणून लंडन आणि लिस्बनचे चालक तिथल्या कोर्टात गेले. फसवणुकीच्या संशयावरून त्यांची खाती बंद झाली होती. कंपनीचं म्हणणं, यंत्र नुसता संशय दाखवतं, निर्णय पोलंडमधल्या क्राकोवच्या पथकातली माणसं घेतात. २०२१मध्ये खालच्या कोर्टाला ते पटलं. अपील कोर्टाला नाही. ही माणसं कोण, त्यांची पात्रता काय, चालकाशी कुणी प्रत्यक्ष बोललं का? कंपनीला धड सांगता आलं नाही. ४ एप्रिल २०२३च्या निकालात कोर्टाने हा मानवी हस्तक्षेप जवळपास प्रतीकात्मकच ठरवला.

मला खरं वळण इथे दिसतं. तोवर मागणी ‘माणूस हवा’ एवढीच होती. आता प्रश्न आला, यंत्राने विचारलं की मान डोलावणारा नंदीबैल चालेल का? २०२४च्या युरोपीय निर्देशाने तर ॲपवर काम करणाऱ्यांची खाती बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा, असं लिहूनच टाकलं.

आपल्याकडे हा विषय समाजमाध्यमांच्या दारातून आला. २०२१च्या आयटी नियमांनी तक्रार अधिकारी नेमायला लावला, १५ दिवसांची मुदत घातली, मोठ्या कंपन्यांच्या स्वयंचलित साधनांवर माणसांची देखरेख हवी असंही म्हटलं. या नियमांखालच्या व्हॉट्सॲपच्या पहिल्याच अहवालात १५ मे ते १५ जून २०२१ या महिन्याभरात भारतातली २० लाख खाती बंद केल्याचं दिसलं. ९५ टक्क्यांहून अधिक ठोक मेसेज पाठवण्यावरून. एवढा ढीग माणसं उपसू शकणार नाहीत, हे कबूल. पण चाळणीत चुकून अडकलेल्याने जायचं कुठे? कंपनीने दाद दिली नाही तर १ मार्च २०२३पासून सरकारी अपील समित्या आहेत.

या समित्या समाजमाध्यमांच्या वापरकर्त्यांसाठी. डिलिव्हरीवाल्यासाठी कर्नाटकाने २०२५मध्ये कायदा केला: काम काढून घेण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. कागल सोडून निपाणी लागली, की तो सुरू होतो.