स्कॅनमधला ‘प्रमाण देह’ कोणाचा?

धुळे असो की जळगाव, सीटीच्या टेबलावर आडव्या झालेल्या पेशंटला तंत्रज्ञ सांगतो, ‘हात डोक्यावर घ्या, श्वास घ्या, धरून ठेवा.’ एकाने छाती भरून श्वास धरला, दुसऱ्याने अर्धाच, की दोघांचं यकृत वेगवेगळ्या उंचीवर दिसतं. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांचं त्याने काही अडत नाही. पण हजारो स्कॅन एकत्र करून मधुमेह्यांची चरबी नेमकी कुठे साठते हे आकडेमोडीने काढायचं, तर सगळ्यांची यकृतं आधी एका ठरवलेल्या नमुना शरीरावर, म्हणजे ‘प्रमाण देहा’वर, एका जागी आणावी लागतात. शेताची मोजणी हद्दीच्या दगडांवरून जुन्या नकाशावर बसवतात, तसंच हे काम. फक्त इथे दगडही जागचे हलतात.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी. डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने 1917 मध्ये माशाच्या चित्रावर चौकटी आखल्या आणि त्या वाकवल्या की दुसऱ्या जातीचा मासा मिळतो, हे दाखवलं. आजचे संगणक मुळात हेच करतात, तिन्ही मितींत.

प्रत्यक्ष वापर मेंदूपासून सुरू झाला. तालैराक आणि तूर्नू यांचा 1988 चा मेंदूचा नकाशा एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईच्या मेंदूवरून काढलेला होता. जगभरचे संशोधक कैक वर्षं आपले निष्कर्ष त्या एका बाईच्या मेंदूवर मांडत राहिले! पुढे 1990 च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये 305 निरोगी माणसांच्या स्कॅनची सरासरी काढली गेली. त्याच दशकात लंडनच्या कार्ल फ्रिस्टन यांच्या पद्धतीने स्कॅनच्या प्रत्येक बिंदूवर स्वतंत्र सांख्यिकी चाचणी लावण्याची रीत रुळली.

गळ्याखाली हे लवकर जमलं नाही. मेंदू कवटीत घट्ट बसलेला. पोटात आतडी सरकतात, मूत्राशय भरतं, चरबी माणसागणिक वेगळी. स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटाने 2017 मध्ये पूर्ण शरीराच्या एमआरआयसाठी टप्पे मांडले: आधी हाडं जुळवायची, मग स्नायू-अवयव, शेवटी चरबी. स्कॅनचा साठाही तोवर वाढत होता. जर्मनीच्या राष्ट्रीय अभ्यासात 30,000 जणांचे एमआरआय झाले, ब्रिटनच्या बायोबँकेने (लोकांच्या आरोग्य-माहितीचा साठा) 2014 पासून एक लाखांचं लक्ष्य ठेवलं.

साठा मोठा, पण देह मुख्यतः युरोपीय. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा 2004 मध्ये छापून आलेला फोटो इथे आठवतो. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3, चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन देहांच्या आत एवढी तफावत! हैदराबादच्या आयआयआयटीने 2019 मध्ये 100 भारतीयांवरून मेंदूचा स्वतंत्र नकाशा केला, तो उगाच नव्हे.

आपल्याकडे पेच आणखी गुंततो. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत या आजाराने प्लीहा (पोटात डावीकडे, जठराशेजारचा अवयव) बहुधा लहानपणीच आक्रसून जाते. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत ती वर्षानुवर्षं वाढलेलीच राहते. वाढलेली असेल तर निभतं: प्रमाण देहावर बसवताना ती किती दाबावी लागली, हा आकडाच आजाराचं माप होतो. पण जिथे ती उरलेलीच नाही, तिथे जुळणी करणारा प्रोग्राम चूक दाखवत नाही. शेजारच्या जठराचा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा ओढून रिकामी जागा भरतो, आणि तक्त्यात त्या अवयवांचे आकडे चुकीचे येतात. असे स्कॅन अभ्यासात घेताना प्लीहा आधी वेगळी आखावी, जुळणी नंतर.