'लाइफ': खप वाढला, तोटाही वाढला

'लाइफ' हे नाव मुळात छायाचित्रांच्या साप्ताहिकाचं नव्हतंच. १८८३ पासून न्यूयॉर्कमधून त्या नावाचं विनोदी नियतकालिक निघत होतं. १९३६ साली ते डबघाईला आलेलं असताना 'टाइम' आणि 'फॉर्च्युन'चे मालक हेन्री लूस यांनी ९२ हजार डॉलर मोजून ते घेतलं, तेही फक्त नावासाठी.

चित्रांतून गोष्ट सांगायची कल्पनाही लूस यांची नव्हे. बर्लिन-म्युनिकची सचित्र साप्ताहिकं ते आधीपासून करत होती. लायकासारखा छोटा कॅमेरा आल्यावर माणसांना 'हसा' न म्हणता टिपता येऊ लागलं होतं. हिटलर सत्तेवर आल्यावर तिथले अनेक ज्यू छायाचित्रकार आणि संपादक देश सोडून बाहेर पडले. 'लाइफ'च्या पहिल्या चार छायाचित्रकारांपैकी आल्फ्रेड आयझेनस्टाट त्यांतलेच.

पहिला अंक निघाला २३ नोव्हेंबर १९३६ रोजी, किंमत १० सेंट. मुखपृष्ठावर माँटानातल्या फोर्ट पेक धरणाचे काँक्रीटचे अजस्र बुरूज आणि तळाशी मुंगीएवढी दोन माणसं. मार्गारेट बर्क-व्हाइट यांना पाठवलं होतं धरणाचे फोटो काढायला. त्यांनी आणले मजुरांच्या वस्तीतले दारूचे गुत्ते, तिथला नाच आणि बारच्या काउंटरवर बसवलेलं लहान मूल. संपादकांनी त्यालाच अंकाची मुख्य गोष्ट केलं. मला विचाराल तर 'लाइफ' जन्मलं ते या आतल्या पानांत.

अंक हातोहात खपला. चार महिन्यांत खप १० लाखांवर गेला आणि लूस यांना घाम फुटला. कारण जाहिरातींचे दर ठरले होते अडीच लाख प्रतींच्या हिशोबाने. जादा प्रतींना कागद लागे, शाई लागे, पण जाहिरातींचं उत्पन्न तेवढंच. लोकप्रियतेपायी लाखो डॉलर गेले, मग कुठे नफा दिसला.

पुढची ३० वर्षं मात्र भरभराटीची. बर्क-व्हाइट यांना गांधीजींचा फोटो हवा होता, तर आधी चरखा चालवायला शिका, असं सांगण्यात आलं. तो १९४६ चा फोटो आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेच. तरी माझी पसंती छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांच्या १९४८ च्या 'कंट्री डॉक्टर' या चित्रकथेला. कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरमागे ते २३ दिवस फिरले. शेवटच्या चित्रात, रात्री दोनपर्यंत चाललेली शस्त्रक्रिया आटोपून डॉक्टर स्वयंपाकघरात टेकून उभा आहे. हातात कॉफीचा कप आणि सिगारेट, नजर कुठेच नाही. हा फोटो एकटा पाहिला तर नुसता दमलेला माणूस दिसतो. आधीची पानं उलटून आलात की तो दिवस कळतो.

मग दूरचित्रवाणी आली आणि जाहिरातदार तिकडे वळले. 'लाइफ'ने उत्तर म्हणून खपच वाढवला. बंद पडायला आलेल्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या नियतकालिकाचे वर्गणीदार घेतले आणि १९६९ च्या सुमारास आकडा ८५ लाखांपर्यंत नेला. पण वर्गणी स्वस्त, अंक मोठ्या आकाराचा, जड. त्यात टपालाचे दर वाढू लागले. पुन्हा प्रत जितकी जास्त तितका तोटा जास्त, आणि या वेळी दर वाढवून घ्यायला जाहिरातदारच उरले नव्हते. २९ डिसेंबर १९७२ चा साप्ताहिक अंक शेवटचा ठरला.

नंतर १९७८ ते २००० मासिक म्हणून, मग काही वर्षं वृत्तपत्रांची पुरवणी म्हणून नाव टिकलं. २००८ मध्ये गूगलवर 'लाइफ'चा फोटोसंग्रह खुला होऊ लागला, तेव्हा कळलं की त्यातले बहुतेक फोटो कधी छापलेच गेले नव्हते.