इंग्रजीतला मुका ‘जीएच’ आणि त्याची जुनी नाती

हिंगणघाटच्या रेल्वे स्थानकावरील फलकावर गावाचे नाव रोमन लिपीतही लिहिलेले असते आणि त्यात ‘घ’साठी जी आणि एच ही अक्षरे शेजारी-शेजारी येतात. घाटंजी आणि मेळघाट ही नावेही याच रीतीने लिहिली जातात. त्यामुळे या भागातले मूल इंग्रजी वाचू लागले, की अक्षरांच्या या जोडीला ते ‘घ’ म्हणणार हे साहजिकच आहे. ‘नाइट’ म्हणजे रात्र हा शब्द ते ‘निघ्ट’ असा वाचते, आणि ‘ही अक्षरे सायलेंट आहेत, स्पेलिंग पाठ कर’ एवढेच उत्तर त्याला मिळते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे हे उत्तर फार लहान वयात कानी पडते. माझ्या मते ते अपुरे आहे, कारण ही अक्षरे मुळात मुकी नव्हती.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘नाइट’चा उच्चार ‘निख्ट’च्या जवळचा होता. घसा खाकरताना जिभेचा मागचा भाग टाळूजवळ नेऊन हवा घासत बाहेर सोडली, की जो ‘ख्’सारखा आवाज निघतो, तोच हा आवाज होय. भाषाशास्त्रात अशा ध्वनीला घर्षक म्हणतात. सुरुवातीला तो केवळ एच या अक्षराने लिहिला जाई. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काळात लेखनिकांनी त्यासाठी जी आणि एच ही जोडी रूढ केली. पुढे बोलण्यातून हा आवाज हळूहळू लोपला, मात्र जाताना त्याने आधीच्या ऱ्हस्व ‘इ’ला दीर्घ केले, आणि नंतरच्या शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर बदलले तेव्हा त्या ‘ई’चा ‘आय’ झाला. म्हणूनच लाइट (उजेड), राइट (उजवा किंवा बरोबर), साइट (दृष्टी), फाइट (लढणे), टाइट (घट्ट) आणि हाय (उंच) या सर्व शब्दांत आय, जी आणि एच ही अक्षरे ओळीने आली, की उच्चार ‘आय’ होतो. हा एक नियम कळला की कितीतरी शब्दांची स्पेलिंग एकदम हाती येतात.

काही शब्दांत तो आवाज नाहीसा न होता ‘फ’ झाला. लाफ (हसणे), कफ (खोकला), रफ (खरखरीत), टफ (चिवट), इनफ (पुरेसे) ही त्याची उदाहरणे होत. या शब्दांत तो ओठ गोल करून उच्चारल्या जाणाऱ्या ‘उ’सारख्या स्वराच्या पाठोपाठ येई, ओठांची ती हालचाल ठळक होत गेली आणि कानाला बराचसा तसाच वाटणारा ‘फ’ तिथे स्थिरावला. शेतकऱ्याच्या घरातले दोन शब्द येथे मुद्दाम शेजारी ठेवण्यासारखे आहेत: ‘प्लाउ’ म्हणजे नांगर, ज्यात जीएच गप्प आहे, आणि ‘ट्रॉफ’ म्हणजे गव्हाण, ज्यात तोच ‘फ’ झाला आहे. ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण. त्यातही जीएच गप्पच आहे.

या जोडीची नाती आपल्यापर्यंत पोचतात, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ‘नाइट’चे संस्कृत भावंड ‘नक्त’ असून ‘नक्तव्रत’ (दिवसभर उपवास करून रात्री जेवण्याचे व्रत) या शब्दात ते आजही आढळते. ‘एट’चे ‘अष्ट’ आणि ‘डॉटर’चे ‘दुहिता’. इंग्रजीत जिथे जीएच आहे, तिथे संस्कृतात अनुक्रमे ‘क’, ‘ष’ आणि ‘ह’ आहेत, आणि जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्ट’ व मुलीला ‘टोख्टर’ म्हणताना तो घर्षक स्पष्ट उच्चारतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, हे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले. पुढे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये अशा ध्वनिबदलांमागची नियमितता दाखवून दिली.

बोलणे पुढे जाते आणि लेखन मागे राहते, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘शाळा’ची ‘शाया’ होते, पण वहीत ‘ळ’च लिहिला जातो. इंग्रजीच्या बाबतीत विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि उच्चार अजून बदलत असतानाच स्पेलिंग ठरत गेली. सॅम्युअल जॉन्सन यांचा १७५५ चा शब्दकोश येईपर्यंत ती बऱ्याच अंशी पक्की झाली होती.

शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या के आणि एन या जोडीचेही असेच आहे. नी (गुडघा), नॉट (गाठ), नीड (कणीक मळणे) आणि नो (जाणणे) या शब्दांतला ‘क’ सतराव्या शतकाच्या सुमारास उच्चारातून गेला. ‘नी’चे नाते ‘आजानुबाहू’तल्या ‘जानु’शी आणि ‘नो’चे नाते ‘ज्ञा’ या धातूशी आहे.

मात्र प्रत्येक मुके अक्षर इतके प्रामाणिक नाही. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्यात तो घर्षक कधीच नव्हता. ‘लाइट’च्या नादाने त्याला जीएच चिकटला. ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दातला बी विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी मागाहून घातला, तो इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नव्हता. असे शब्द थोडे आहेत आणि तेवढे मात्र पाठच करावे लागतात.