एकच ‘मानणं’, दोन माणसं

‘चक्रधरस्वामींना मानता का?’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, महानुभाव पंथाच्या पवित्र स्थानाला विडा वाहून वळलेल्या आजोबांनी मला विचारलं. मी ‘हो’ म्हणालो आणि लगेच अवघडलो. आपल्याकडे ‘मानणं’ फार ऐसपैस आहे. कुणी चाळिशीत पोहायला शिकलं तरी आपण ‘मानलं बुवा’ म्हणतो. आजोबा ते विचारत नव्हते.

त्यांचं मानणं म्हणजे वचन मानणं. चक्रधर हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक; अनुयायांना ते परमेश्वराचा अवतार, पंथ मानतो त्या पाच अवतारांपैकी, पंचकृष्णांपैकी एक. पंथाचा उपदेश घेऊन अनुयायी झालं की इतर देवतांची भक्ती सुटते. माझ्या घरी गणपती बसतो. इथेच आमची वाट वेगळी झाली. माझं मानणं मोठेपणापुरतं, आणि त्याला कारणं आहेत.

एक कारण लीळाचरित्र. स्वामींच्या मागे म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी टिपल्या, तेराव्या शतकात, साध्या बोलत्या मराठीत. मला त्यात मराठी गद्याची पहाट दिसते. आजोबांना ते देवाचे शब्द आहेत. एकही सांडू नये म्हणून ती मेहनत. गंमत अशी, की त्यांची श्रद्धा नसती तर माझ्या कौतुकाला ग्रंथच उरला नसता.

पाळीच्या विटाळाचंही तसंच. नाकातून शेंबूड येतो तसाच तोही शरीराचा एक स्राव, त्याचा विटाळ कसला, असं स्वामींनी सांगितलं. मी वाचतो आणि थक्क होतो, कारण ते मला पटतं. अनुयायाला ते पटण्याची वाट पाहायची नसते, आज्ञा आहे. फरक शोधायचा तर इथे शोधावा, नमस्कारात नाही. हात मीही जोडले होते.

पण मोठेपण मानणाऱ्यांची एक खोड आहे, आणि मी त्यातून सुटलेलो नाही. आपल्याला हवं तेवढंच आपण उचलतो. ‘महाराष्ट्रीं असावें’ हे स्वामींचं सूत्र भाषणांत अभिमानाची घोषणा होऊन येतं. मुळात तो संन्याशाचा आचारधर्म आहे. कानड आणि तेलंग देशाला जाऊ नये, ते विषयबहुल देश, असं त्याच सूत्रपाठात, म्हणजे स्वामींच्या वचनांच्या संग्रहात, आहे. म्हणजे तिकडे चैन जास्त, म्हणून वैराग्याला इकडचा मुलूख बरा! यात मराठी अस्मिता शोधणारा खरं तर स्वामींचं ऐकतच नाही. त्यांना नुसतं ‘समाजसुधारक’ म्हणणंही असंच. मोक्ष हा त्यांचा विषय होता, आणि मराठीही त्यासाठीच, संस्कृत न कळणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत तो पोचावा म्हणून. पुढे स्वामींचे शिष्य आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी आपले शिष्य केशोबास यांना संस्कृतात लिहू दिलं नाही, तेव्हाही काळजी हीच होती: माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील.

शेवटाबद्दलही दोघांचे प्रश्न वेगळे. स्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे निघून गेले, एवढं आजोबांना पुरतं. अभ्यासक मात्र विचारतात, यादवांच्या राजवटीत त्यांच्यावर काय ओढवलं? रिद्धपुरात उभं राहून हा प्रश्न आजोबांच्या तोंडावर टाकावा असं मला वाटलं नाही.

मी शेवटी सांगून टाकलं, ‘आजोबा, मी उपदेशी नाही. पण मराठी शिकवतो.’ ते हसले, ‘मग स्वामींचंच खाता की!’ निघताना त्यांनी ‘दंडवत प्रणाम’ केला. मीही ‘दंडवत प्रणाम’ म्हणालो.